जलशाचा फड ते विहाराचा ओटा

आपल्या विहाराचा वर्धापन दिन जवळ आला की स्मरणिकेची गडबड सुरू होते आणि इतिहासाचा लेख लिहायचे काम आमच्या वाट्याला येते. दरवर्षी आम्ही तेच लिहितो. जागा कशी मिळाली, सुरुवातीला पत्र्याची शेड कशी होती, वर्गणी कोणी कोणी काढली, मूर्ती कधी आली. हा इतिहास मोलाचा आहेच, पण तो आता लहान पोरांनासुद्धा पाठ झालाय. म्हणून या वेळी आम्ही ठरवले की विहारासमोरच्या ओट्याचा इतिहास लिहायचा.

ओट्याचा म्हणजे सिमेंट-विटांचा नव्हे. त्या ओट्यावर उभे राहून आपली माणसे जे बोलली, जे गायली, जी सोंगे त्यांनी घेतली, त्याचा. आपल्या समाजाला वाचा नव्हती आणि ती कोणीतरी दिली, असे भाषणांत नेहमी ऐकू येते. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. वाचा होतीच. जात्यावर होती, शेतात होती, ढोलकीवर होती. नव्हती ती उभे राहून बोलायची जागा, आणि समोर बसून ऐकणारी माणसे. ही जागा आपल्या माणसांनी स्वतः तयार केली. कशी केली, कोणी केली आणि आज तिची काय अवस्था आहे, हे समाजबांधवांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू.

फुल्यांचे नाटक आणि सत्यशोधक जलसे

सुरुवात महात्मा जोतीराव फुल्यांपासून करावी लागते. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एक कुणबी, त्याची गरोदर बायको, त्यांना ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि मध्ये मध्ये येऊन खरे काय ते सांगणारा विदूषक, अशी त्याची मांडणी आहे. शेवटी ते नवराबायको शिकायचे ठरवतात. तृतीय रत्न म्हणजे तिसरा डोळा, अर्थात शिक्षण. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, पण कमिटीने ते स्वीकारले नाही. पुढे सव्वाशे वर्षे ते छापलेसुद्धा गेले नाही. १९७९ साली ते ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकातून लोकांसमोर आले. आपल्या बाजूचे पहिले नाटक, आणि त्यालाच रंगमंच मिळाला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पण नाटक अडवता येते, तमाशा अडवता येत नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याचे विचार खेड्यापाड्यांत पोचवण्यासाठी पुढे सत्यशोधक जलसे निघाले. भीमराव महामुनी यांचे नाव सुरुवातीच्या जलसेकारांत घेतले जाते. या मंडळींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. लोकांना नवीन काही शिकवायला जाताना त्यांनी लोकांचाच जुना बाज उचलला. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, सोंगाड्या तोच. आतला मजकूर मात्र बदलून टाकला.

तमाशा ही आपल्या लोकांना परकी गोष्ट नव्हती. महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांच्या जिवावरच तमाशाचे फड उभे होते. गावाने त्यांची कला रात्रभर पाहायची, शिट्ट्या मारायच्या, आणि सकाळ झाली की त्याच कलावंताला पाणवठ्यापासून हाकलायचे, अशी तऱ्हा होती. कला चालत होती, माणूस चालत नव्हता. आंबेडकरी जलसेकारांना ही गोष्ट बदलायची होती.

आंबेडकरी जलसा उभा राहतो

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी परमपूज्य बाबासाहेबांनी व हजारो लोकांनी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ‘मूकनायक’ १९२० साली निघाले होते, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली, ‘जनता’ १९३० साली. चळवळीला वर्तमानपत्र होते, पण ते वाचणार कोण? गावात एखादा शिकलेला असायचा. बाकीच्यांसाठी कागदावरचे अक्षर म्हणजे काळ्या मुंग्या. बाबासाहेब एकटे किती गावांत जाणार? ही पोकळी जलशाने भरून काढली. वर्तमानपत्रातली बातमी गाण्यात आली, गाणे ढोलकीवर आले आणि ढोलकी महारवाड्यात आली.

१९३१ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यात शाहीर भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. केरुबा गायकवाड, शाहीर घेगडे अशा इतर शाहिरांचेही जलसे निघाले. या फडांतली माणसे कोण होती? गिरणीत, रेल्वेत, गोदीत राबणारी, नाहीतर शेतावर मजुरी करणारी. पाळी संपली की तालीम, सुट्टी मिळाली की गाव. बिदागीचा विचार कमीच. जाण्यायेण्याचा खर्च आणि गावात मिळेल ती भाकरी, एवढ्यावर फड निघायचा. भीमराव कर्डकांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे’ या विषयावर स्वतःच पुस्तक लिहून ठेवले, म्हणून आपल्याला आज एवढे तरी ठाऊक आहे. ज्यांनी लिहून ठेवले नाही, त्यांचे सारे त्यांच्याबरोबर गेले.

बाबासाहेबांची दहा भाषणे आणि एक जलसा यांची किंमत सारखीच, असे खुद्द बाबासाहेबच म्हणत, असे जुनी मंडळी अभिमानाने सांगतात.

जलशाची एक रात्र

आजच्या पोरांनी जलसा पाहिलेला नाही, म्हणून तो कसा व्हायचा ते थोडे सविस्तर सांगतो.

संध्याकाळी दवंडी व्हायची नाहीतर पोरेच वाडाभर ओरडत फिरायची. जेवणे उरकली की बाया-माणसे घोंगडी, गोणपाट घेऊन मैदानात जमायची. गॅसबत्ती टांगली जायची. पडदा नाही, नेपथ्य नाही. ढोलकीवर थाप पडली की जलसा सुरू.

तमाशाप्रमाणे जलशालाही गण, गवळण, बतावणी आणि वग असे भाग असत. पण प्रत्येक भागाला जलसेकारांनी वेगळे वळण दिले. जुन्या तमाशात गणात गणपतीला आवाहन असायचे. जलशाच्या गणात देवाच्या जागी हळूहळू माणूस आला. समतेला, ज्ञानाला आणि पुढे बाबासाहेबांना वंदन होऊ लागले, आणि धम्मदीक्षेनंतर तथागत बुद्धाला. गवळणीत कृष्णाने दुधाचे माठ फोडायचे आणि गवळणींनी लाजायचे, हा जुना प्रकार. जलशात तो चेष्टेचा भाग काढून तिथे विचार आणला गेला. लावणीचा शृंगार तर पूर्णच बाजूला ठेवला.

खरी रंगत यायची ती बतावणीत. एक सोंगाड्या भटजी व्हायचा, दुसरा साधाभोळा महार. आणि मग सवाल-जबाब. विहिरीवर कुत्रे पाणी पिते, गाढव पिते, त्याने पाणी बाटत नाही, मग माणसाच्या हातानेच कसे बाटते? अशा सवालावर भटजीचे सोंग घेतलेला गडी गोंधळून जायचा आणि लोक पोट धरधरून हसायचे. हसता हसता एकदम गप्प व्हायचे, कारण तो प्रश्न त्यांच्या रोजच्या जगण्यातलाच असायचा. ज्या माणसापुढे दिवसा मान वर करायची हिंमत नव्हती, त्याचे सोंग रात्री आपल्याच पोराने घेतले आणि त्याला निरुत्तर केले, ही गोष्ट साधी नव्हती. भीती पहिल्यांदा हसण्यातून जाते.

वगात एखादी पूर्ण गोष्ट असायची. मेलेली जनावरे ओढायचे सोडून देणाऱ्या घराची, लग्नात कर्ज काढून बुडालेल्या बापाची, दारूने वाया गेलेल्या गड्याची, पोराला शाळेत घालण्यासाठी सावकाराशी भांडणाऱ्या आईची. वग संपायला मध्यरात्र उलटून जायची, कधी पहाट व्हायची.

आणि खरा जलसा तिथून पुढे सुरू व्हायचा. सकाळी चावडीवर, नदीवर, चुलीपुढे त्याचीच चर्चा. येसकरकी सोडायची का? मेलेले ढोर ओढायला नाही म्हणायचे का? म्हटले तर गाव काय करील? बलुते बंद करील, वाट अडवील, मारहाण करील. हे सगळे प्रत्यक्षात होतही असे. म्हणजे जलसा पाहणे ही नुसती करमणूक नव्हती. जलसा पाहिला की काहीतरी ठरवावे लागत असे, आणि ठरवले की त्याची किंमत मोजावी लागत असे. आमच्या आज्या-पणज्यांनी ती मोजली.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुका आल्या. तेव्हाही मत म्हणजे काय, ते कोणाला आणि का द्यायचे, हे लोकांना समजावण्यात जलसेकारांचा वाटा होता.

ज्या मंचावर आल्या नाहीत

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या जलशांत बाया नव्हत्या. बाईचे काम पुरुषच करायचे. त्यामागे कारण होते. तमाशाच्या बोर्डावर आपल्याच लेकीबाळींना नाचवून त्यांची अब्रू विकली जात होती. तमाशाच्या कमाईतून देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, असे सांगण्यात येते, ते याच भावनेतून. त्यामुळे आंबेडकरी जलशाने बाईला नाचायला लावायचे नाही असे ठरवले. निर्णय स्वाभिमानाचा होता.

पण त्याची दुसरी बाजू अशी, की नाचणाऱ्या बाईबरोबर बोलणारी बाईही मंचावर आली नाही. तिच्या दुःखाचे वग झाले, पण ते पुरुषाने लुगडे नेसून केले.

मग बाया गप्प होत्या का? मुळीच नाही. त्यांचा मंच वेगळा होता. पहाटे जात्याला बसून त्यांनी बाबासाहेबांवर, रमाईवर, बुद्धावर ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला, आणि त्यात भीमाच्या ओव्यांचा मोठा भाग आहे. त्या गाणाऱ्या बहुतेक बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. चळवळीतल्या बायांचे काम मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी गावोगाव हिंडून, म्हाताऱ्या बायांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात आणले. ते १९८९ साली निघाले. म्हणजे १९२७ ची गोष्ट छापून यायला साठ वर्षे लागली. पुरुषांचा इतिहास उशिरा लिहिला गेला, आणि बायांचा त्याहून उशिरा.

अक्षर शिकलेला शाहीर

जलशाच्या परंपरेतून जे सर्वांत मोठे नाव पुढे आले ते लोककवी वामनदादा कर्डकांचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. मुंबईत शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना कोणीतरी त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितले. वाचता येत नव्हते. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली आणि देहलवी मास्तरांकडून ते अक्षरे शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे लिहिले, आणि मग १५ मे २००४ रोजी शेवटचा श्वास घेईपर्यंत गाणे थांबले नाही. वीस-बावीस वर्षांपर्यंत निरक्षर राहिलेला माणूस हजारो घरांच्या तोंडी बसेल अशी गाणी लिहितो, यापेक्षा ‘तृतीय रत्ना’चा मोठा दाखला कोणता?

याच काळात वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊंनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन गिरणी कामगारापुढे आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उभे केले. त्यांचा झेंडा वेगळा होता, पण समोर बसलेला माणूस तोच होता. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या अण्णाभाऊंनी १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले.

दीक्षेचा सोहळा आणि ‘युगयात्रा’

बाबासाहेबांना नाटकाचे महत्त्व ठाऊक होते. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. अस्पृश्य माणसाच्या युगायुगांच्या दुःखाचा प्रवास त्यात आहे. १९५५ साली मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते खुद्द बाबासाहेबांसमोर केले, आणि पुढच्या वर्षी, १९५६ साली, नागपूरला धम्मदीक्षेच्या सोहळ्यातही ते झाले. खेड्यातून येऊन वसतिगृहात राहणारी आपली पोरे जलशाच्या मैदानातून नाटकाच्या मंचावर चढली, ती इथे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर सगळेच बदलले. जुन्या देवांना सोडल्यावर जुना गण कसा चालेल? जलसे हळूहळू मागे पडले आणि गायन पार्ट्या आल्या. हार्मोनियम, ढोलक, बुलबुल, आणि कव्वालीच्या ढंगात भीमगीते, बुद्धगीते. जयंती असो, बारसे असो, विहाराचे उद्घाटन असो, गायन पार्टी हवीच. दोन पार्ट्यांचा सामना असला की रात्र पुरत नसे. वामनदादा, श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजावर दोन पिढ्या वाढल्या. शाहीर विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी, संविधान दिनीच, नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावर असतानाच गेले. ज्या मातीने आपल्याला माणूस केले, त्या मातीवर गाणाऱ्याचा अखेरचा दिवस आला.

नाटकाचा प्रश्न धारदार होतो

१९७२ साली दलित पँथर निघाली आणि कवितेबरोबर नाटकही तापले. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. चवदार तळ्याला पन्नास वर्षे झाली होती, आणि नाटकाचे नाव अजून ‘घोटभर पाणी’च! ती गावोगाव, कॉलेजाकॉलेजांत झाली. नाट्यगृह लागत नव्हते, खर्च नव्हता, त्यामुळे आमच्यासारख्या वस्त्यांतल्या पोरांनाही ती करता आली.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपली घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे तो लढा चालला. त्या काळात पथनाट्य हे हत्यार झाले. चौकात डफ वाजवायचा, गोल करायचा, पंधरा-वीस मिनिटांत म्हणणे मांडायचे, आणि पोलीस यायच्या आत पांगायचे.

नांदेडकडचे दत्ता भगत यांनी ‘वाटा-पळवाटा’ नाटकात आपल्याच घरात डोकावून पाहिले. बाबासाहेबांबरोबर वावरलेली जुनी पिढी, नोकरीत स्थिरावलेला प्राध्यापक आणि पेटलेला तरुण, अशा तीन पिढ्या त्यात एकमेकांशी भांडतात. कोणाची वाट आणि कोणाची पळवाट, हे प्रेक्षकाने ठरवायचे. आपल्या चुका आपल्याच मंचावर दाखवायला धैर्य लागते. गज्वींच्या ‘किरवंत’ने तर आणखी वेगळी गोष्ट केली. अंत्यविधी करणाऱ्या, म्हणून ब्राह्मणांतच कमी लेखल्या जाणाऱ्या किरवंताचे दुःख आपल्या लेखकाने मांडले. डॉ. श्रीराम लागूंनी १९९१ साली ते रंगभूमीवर आणले. ज्याने अपमान भोगला त्याला दुसऱ्याचा अपमान ओळखू येतो. यालाच आपण करुणा म्हणतो. आरक्षणावरून १९९० साली देशभर आग लागली, त्याच सुमारास संजय पवारांचे ‘कोण म्हणतं टक्का दिला?’ आले आणि हसत हसत चांगल्या चांगल्यांना आरसा दाखवून गेले.

११ जुलै १९९७ चा दिवस विसरता येणार नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात दहा जणांचे जीव गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले आयुष्य संपवले. वस्तीवस्तीत गरिबांची गाणी गाणारा हा माणूस ते दुःख सोसू शकला नाही. त्यांच्यापासून सुरू होणारा ‘जय भीम कॉम्रेड’ हा आनंद पटवर्धनांचा चित्रपट २०११ साली पूर्ण झाला आणि वस्त्यावस्त्यांत पडदा लावून दाखवला गेला.

२०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आले. कल्पना व संगीत शाहीर संभाजी भगतांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, आणि कलावंत बहुतेक जालना जिल्ह्यातले, शेती-मातीत राबणारे. त्यांनी शहरातल्या मोठ्या नाट्यगृहांत जाऊन जलशाचाच बाज उभा केला आणि लोकांनी रांगा लावल्या. ज्या बाजाला गावाबाहेर ठेवले होते, तो तिकीट लावून पाहिला गेला. आणि एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलवरून घराघरांत पोचल्या, तेव्हा आम्हाला जात्यावरच्या त्या बाया आठवल्या. जे जात्याला ठाऊक होते, ते आता मंचावर आले.

आता आमच्या ओट्याकडे

एवढा मोठा वारसा सांगितल्यावर आमच्या पदरात काय आहे, तेही खरे खरे सांगितले पाहिजे. इतिहास लिहायचा आणि स्वतःची चूक झाकायची, हे धम्मात बसत नाही.

काही वर्षांपूर्वी जयंतीला वस्तीतल्या सात-आठ मुलींनी एक नाटिका बसवली. कोणी लिहून दिलेली नव्हती, त्यांनीच रचलेली. आई पहाटे धुण्याभांड्याच्या कामाला जाते, नळाला पाणी येते तेव्हा घरात कोणी नसते, म्हणून मुलीची शाळा बुडते, एवढीच गोष्ट. तीन आठवडे विहारात त्यांची तालीम चालली होती. त्या वर्षी आम्ही वर्गणीचा मोठा हिस्सा डीजेच्या गाडीवर घातला होता. मिरवणूक उशिरा आली. मग पाहुण्यांचे सत्कार, शाली, नारळ, भाषणे. मुली नऊवारी नेसून, हातात रिकामे हंडे घेऊन ओट्यामागे उभ्या. दहा वाजले, माइक बंद करायची वेळ झाली आणि आम्ही त्यांना सांगितले, आता राहू द्या, पुढच्या वर्षी करा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलींनी आमची परवानगी न विचारता विहाराच्या पायऱ्यांवर नाटिका केली. माइक नाही, दिवे नाहीत. समोर वीस-पंचवीस बाया, बहुतेक त्यांच्याच आया. आम्ही कडेला उभे राहून पाहत होतो. नाटिका संपली तरी कोणी उठले नाही. मग एक बाई, जी कधी विहाराच्या बैठकीत तोंड उघडत नसे, ती बसल्या जागेवरून बोलली, की आळीपाळीने एकेका घराने सगळ्यांचे पाणी भरायचे, म्हणजे कोणाच्या लेकीची शाळा बुडणार नाही. तिथल्या तिथे पाळ्या ठरल्या. पुढचे दोन उन्हाळे त्या पाळ्या चालल्या.

जलसा म्हणजे नेमके काय, ते आम्हाला त्या संध्याकाळी समजले. वस्तीच्या माणसाने वस्तीपुढे उभे राहून आपले म्हणणे मांडायचे, आणि ऐकणाऱ्याने उठताना काहीतरी ठरवूनच उठायचे. १९३१ साली येसकरकी सोडायची ठरली, इथे पाण्याच्या पाळ्या ठरल्या. गोष्ट लहान असेल, रीत तीच. डीजेच्या गाडीपुढे हजार माणसे नाचली, पण त्यातून काय ठरले, ते आम्हाला सांगता येणार नाही.

आम्ही नाचगाण्याच्या विरोधात नाही. जयंती हा आनंदाचा दिवस आहे आणि पोरांनी नाचावे. पण डीजेचा आवाज विकतचा असतो. तो कितीही मोठा केला तरी त्यात आपले कोणी बोलत नाही.

म्हणून वर्धापन दिनाच्या निमित्ताने समाजबांधवांपुढे तीन गोष्टी ठेवतो.

एक, यापुढे जयंतीच्या कार्यक्रमात वस्तीतल्या मुलामुलींचे नाटक आणि गाणे आधी, सत्कार नंतर. वेळ कमी पडला तर सत्कार कमी करायचे.

दोन, पौर्णिमेच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा ओटा मोकळा ठेवायचा. ज्याला जे म्हणायचे ते म्हणू द्यायचे. विशेषतः उपासिकांनी पुढे यावे. त्यांना बोलायला शिकवायची गरज नाही, आम्हालाच ऐकायला शिकले पाहिजे.

तीन, ज्यांच्या घरी जुन्या गायन पार्टीच्या, जलशाच्या गाण्यांच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. चाळी पडतात, इमारती उठतात, सामान हलते आणि पहिल्यांदा जुनी वही जाते. त्या वह्या विहारात आणा. आपल्या पोरांकडून त्यांची नक्कल करून घेऊ आणि मूळ वही तुम्हाला परत देऊ. ज्या आजींना ओव्या येतात, त्यांच्या ओव्या मोबाइलवर भरून ठेवा. ‘तृतीय रत्न’ सव्वाशे वर्षे पडून राहिले, कारण ते दुसऱ्यांच्या हातात होते. या वह्या तर आपल्याच घरात आहेत.

विहाराच्या भिंती रंगवून झाल्या, छताला पंखे लागले, दरवाज्याला कमान झाली. ओटा मात्र तसाच आहे, थोडा उखडलेला. तो दुरुस्त करायला आम्ही वर्गणी काढूच. पण त्यावर उभे राहायचे काम वर्गणीने होत नाही, त्याला तुमच्या घरातले माणूस लागते.

येत्या पौर्णिमेला त्या मुलींची नाटिका पुन्हा होणार आहे. आता त्यांच्यातल्या दोघी कॉलेजात आहेत आणि त्यांनी गोष्ट पुढे वाढवली आहे, असे ऐकतो. या वेळी माइक त्यांच्या हातात असेल. सर्वांनी सहकुटुंब यावे, आणि बायांना पुढे बसायला जागा ठेवावी.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!